प्रादेशिक लँडफिलमध्ये कोणता कचरा घेता येतो आणि कोणता परत पाठवावा लागतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्यातील चार लहान शहरांसाठी मिळून एक प्रादेशिक लँडफिल आपल्या गावाच्या शिवारालगत प्रस्तावित आहे. तेथे घरगुती कचऱ्याबरोबर दवाखान्यांचा, एमआयडीसीतील कारखान्यांचा आणि बांधकामांचा कचरा, तसेच मेलेली जनावरेही येणार, अशी गावात चर्चा आहे. यांपैकी कायद्याने काय येऊ शकते आणि काय येऊ शकत नाही, हे आपल्याला ग्रामसभेपूर्वी समजून घ्यायचे आहे. मी गेली अनेक वर्षे घनकचरा प्रकल्पांची आखणी आणि त्यांचे दैनंदिन संचालन या दोन्ही कामांत आहे, त्यामुळे नियमांत काय लिहिले आहे आणि वजनकाट्यावर प्रत्यक्षात काय घडते, हे दोन्ही सांगण्याचा प्रयत्न करतो.

सर्वांत आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण गावागावांतील वाद मी बहुतेक वेळा याच जागी अडकलेले पाहिले आहेत. ज्याला आपण सरसकट ‘कचरा डेपो’ म्हणतो, त्या आवारात हल्ली दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे प्रक्रिया केंद्र, जेथे ओल्या कचऱ्याचे खत किंवा बायोगॅस होतो आणि सुक्याची निवड होते. दुसरी म्हणजे खुद्द लँडफिल, म्हणजे तळाशी अस्तर घातलेला, टप्प्याटप्प्याने भरत जाणारा खड्डा. आवाराच्या फाटकातून काय आत येऊ शकते आणि खड्ड्यात काय जाऊ शकते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. भाजी मंडईचा कचरा फाटकातून यायला काहीच हरकत नाही. तो खड्ड्यात जाता कामा नये. म्हणून ‘येथे ओला कचरा येणार का?’ असे विचारले तर अधिकारी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतील, गाव संतापेल आणि खरा प्रश्न बाजूला राहील. खरा प्रश्न हा आहे की फाटक आणि खड्डा यांच्यामध्ये कचऱ्याची छाननी कोण करतो, आणि न चालणारी गाडी परत पाठवण्याचा अधिकार त्याच्या हाती आहे का.

खड्ड्याबाबत नियम स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार जे पुन्हा वापरता येत नाही, ज्याचा पुनर्वापरासाठी माल होत नाही, जे कुजत नाही, जळण म्हणून उपयोगी नाही आणि ज्याची रासायनिक क्रिया होत नाही, असा निष्क्रिय कचरा, तसेच प्रक्रियेपूर्वी वेगळा निघालेला टाकाऊ भाग आणि प्रक्रियेनंतर उरलेला अवशेष एवढेच लँडफिलमध्ये जाऊ शकते. २०२६ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी हीच दिशा कायम ठेवली असून घरातच ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधे यांसारखा) असे चार भाग करण्याची सक्ती केली आहे. याआधीच्या, २००० सालच्या नियमांत मात्र एक पळवाट होती: अपरिहार्य परिस्थितीत किंवा पर्यायी सोय उभी राहीपर्यंत मिश्र कचरा योग्य निकष पाळून पुरता येत असे. अनेक ठिकाणी ही ‘अपरिहार्य परिस्थिती’ वर्षानुवर्षे संपली नाही, आणि आज आपण ज्यांना कचऱ्याचे डोंगर म्हणतो ते त्यातून वाढत गेले. त्यामुळे आपल्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत ‘तात्पुरत्या स्वरूपात मिश्र कचरा’ असा शब्दप्रयोग कोठे दिसला, तर त्यापुढे तारीख लिहिली आहे का, हे जरूर पाहा.

हा नियम इतका कडक का, हे समजले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. ओला कचरा दाबून पुरला की त्याला हवा मिळत नाही. तो कुजताना मिथेन वायू सुटतो आणि त्यातून काळे, आंबूस वासाचे पाणी झिरपते, ज्याला आम्ही लीचेट म्हणतो. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात होता; २०१६ च्या जानेवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये तेथे लागलेल्या आगींचा धूर शहराने अनुभवला. आग बाहेरून दिसते तरी. पाण्याचे तसे नसते. ते जमिनीखालून जाते आणि विहिरीत उतरेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच तळाशी किमान ९० सेंटिमीटर जाडीचा, दाबून घट्ट केलेला चिकणमातीचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीईचे, म्हणजे दाट प्लास्टिकचे, आवरण बंधनकारक आहे, आणि भूजलाची पातळी या मातीच्या थराच्या खाली किमान २ मीटर असावी लागते. आपल्याकडे हे काम अधिक नाजूक असते, त्याची दोन कारणे आहेत. आपला काळा पाषाण वरून अखंड दिसला तरी त्याच्या सांध्यांतून आणि भेगांतून पाणी वाहते, आपल्या विहिरी त्याच पाण्यावर चालतात. दुसरे असे की, आपली काळी माती ओली असताना अस्तरासाठी उत्तम वाटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. थर घातल्यावर त्यावर पाणी मारून तो झाकून न ठेवल्यामुळे पंधरा दिवसांत तडकलेला तळ मी स्वतः उकरून पुन्हा करायला लावला आहे. अस्तर कितीही चांगले असले तरी ते शेवटचा बचाव आहे. पहिला बचाव म्हणजे पाणी सोडणारा कचरा आत जाऊच न देणे.

आता प्रत्यक्ष खड्ड्यात काय जाते ते सांगतो. नीट चाललेल्या प्रकल्पातील भरावाजवळ आपण उभे राहिलात, तर आपल्याला काहीसे निराश करणारे दृश्य दिसेल: खत चाळल्यावर चाळणीवर राहिलेले खडे, काचेचे बारीक तुकडे, फुटक्या कपबशा, मातीने माखलेल्या आणि कोणीही विकत न घेणाऱ्या चिंध्या, रस्ते झाडून निघालेली धूळमाती. वास जवळजवळ नसतो. माश्याही फारशा नसतात. घारी आणि कुत्री तर मुळीच नसावीत, कारण त्यांना खायला तेथे काही नसते. मी कोणत्याही ठिकाणी तपासणीला गेलो की कागद पाहण्याआधी आकाशाकडे पाहतो; भरावावर घारी घिरट्या घालत असतील, तर आत अन्न जात आहे, मग नोंदवहीत काहीही लिहिलेले असो.

जळाऊ सुक्या कचऱ्याचा मुद्दा थोडा अवघड आहे, आणि येथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. वेफरची पाकिटे, फाटक्या चपला, फोम, रेक्झिन या वस्तू भंगारवाला घेत नाही, पण त्या चांगल्या जळतात. २०१६ च्या नियमांनुसार किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांक असलेला कचरा लँडफिलमध्ये टाकता येत नाही. तो आरडीएफ म्हणून, म्हणजे जळणाच्या स्वरूपात, सिमेंटच्या भट्टीसारख्या ठिकाणी पाठवावा लागतो. असा आरडीएफ प्रकल्प १०० किलोमीटरच्या आत असेल, तर जळण वापरणाऱ्या उद्योगांनी आपल्या गरजेच्या किमान ५ टक्के जागी तो वापरावा, असेही त्याच नियमांत होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने असल्याने विदर्भातील शहरांना हे तुलनेने सोपे जाते. कोकणातील एखाद्या नगरपंचायतीला मात्र गाडीभाडेच परवडत नाही, मग गाठोडी शेडमध्ये साचत राहतात आणि एखाद्या रात्री गुपचूप खड्ड्यात जातात. म्हणून ‘आरडीएफ बाहेर पाठवला जाईल’ एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका. कोठे, कोणत्या कराराने आणि भाडे कोण देणार, हे विचारा.

दवाखान्यांच्या कचऱ्याबाबत उत्तर निःसंदिग्ध आहे: तो येथे येऊ शकत नाही. फाटकातूनही नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे स्वतंत्र नियम आहेत. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा रंगांनुसार तो दवाखान्यातच वेगळा ठेवून अधिकृत सामायिक प्रक्रिया केंद्राकडे द्यावा लागतो. तरीही तो येतो, आणि कसा येतो हे मी पाहिलेले आहे. पावसाळ्याच्या तोंडावरची सकाळ होती. एका शहराच्या टिपरने तपासणीच्या काँक्रीटच्या फरशीवर माल ओतला. वर कोबीची पाने, कांद्याची साले, नारळाच्या शेंड्या होत्या. आमच्या एका तरुण कामगाराने दाताळ्याने थर बाजूला ओढला, तशी खालून गाठ मारलेली काळी पिशवी निघाली. ती त्याने हाताने उचलली आणि झटक्यात सोडून दिली. टोपण न लावलेली सुई हातमोज्यातून त्याच्या तर्जनीत गेली होती. पिशवीत सलाइनच्या नळ्या, रक्ताचा कापूस आणि आणखी चाळीसेक सुया होत्या. पुढचे सहा महिने त्या मुलाच्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या, आणि प्रत्येक अहवालाच्या दिवशी त्याची आई आवारातील बाकावर येऊन बसत असे. सुदैवाने त्याला काही झाले नाही. त्या दिवसापासून मी पिशवी हाताने उचलण्यास पूर्ण बंदी केली आणि पिशव्या फरशीवरच लांब आकड्याने फाडून पाहण्याचा नियम घातला. घरी इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची सुई ही मात्र घरगुती घातक कचऱ्यात मोडते, त्यामुळे सुई सापडली म्हणजे दवाखानाच दोषी, असे लगेच ठरवता येत नाही. चाळीस सुया एकत्र सापडल्या तर मात्र शंकेला जागा राहत नाही.

एमआयडीसीबाबत भेद समजून घ्यावा लागतो. कारखान्याच्या उपाहारगृहातील खरकटे किंवा कार्यालयातील कागद हा नागरी कचरा आहे, तो नगरपालिकेच्या व्यवस्थेत येऊ शकतो. रासायनिक प्रक्रियेचा गाळ, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील गाळ, रंगाचे अवशेष, वापरलेले तेल, सॉल्व्हंट लागलेल्या चिंध्या यांना घातक कचऱ्याचे नियम लागू होतात, आणि त्यांची जागा तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचरा केंद्रांसारख्या ठिकाणी आहे. घातक कचऱ्याच्या लँडफिलचे अस्तर दुहेरी असते आणि प्रत्येक खेपेबरोबर मॅनिफेस्ट नावाचे वाहतूकपत्र असते. ते पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्यापर्यंत खेपेचा माग ठेवते. आपल्या प्रकल्पात एकाच अस्तराची आखणी असेल, तर तेथे असा गाळ टाकणे म्हणजे सुती पिशवीत पाणी भरण्यासारखे आहे. शंका आली तर दोन सोप्या खुणा सांगतो: घरगुती कचऱ्याला कधीही नसणारा तीव्र, नाकाला झोंबणारा वास, आणि माल पडताना सर्वत्र एकसारखा दिसणारा रंग. घराघरांतून आलेला कचरा कधीच एका रंगाचा नसतो.

राडारोड्याला लोक घाबरतात, पण तो स्वभावाने निरुपद्रवी असतो. विटा, काँक्रीट, दगडमाती यांतून लीचेट होत नाही. त्याच्यासाठी वेगळे नियम आहेत आणि तो दळून पुन्हा वापरणे अपेक्षित आहे. मात्र लँडफिल चालवणाऱ्याला तो थोड्या प्रमाणात हवाच असतो, कारण दिवसाचे काम संपताना भराव किमान १० सेंटिमीटर मातीने किंवा अशाच निष्क्रिय मालाने झाकावा लागतो, आणि पावसाळ्यात टिपर रुतू नये म्हणून आतले रस्तेही त्यानेच करावे लागतात. माझा आक्षेप फक्त जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना असतो. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ते फोडू किंवा दळू नयेत आणि राडारोड्यात मिसळू नयेत.

याउलट ज्या मालाकडे कोणाचे लक्ष जात नाही, तो मला अधिक धोकादायक वाटतो: नाल्यांतून काढलेला ओला गाळ आणि सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीतला मैला. पातळ माल भरावात ओतला की दोन गोष्टी होतात. लीचेट वाढते, आणि भरावाचा उतार आतून निसटता होतो. १ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीतील गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर ढासळून शेजारच्या कालव्यात कोसळला आणि दोन माणसे दगावली. उंच आणि तीव्र उताराच्या भरावात पाणी मुरणे किती घातक असते, हे अशा दुर्घटनांतून कळते. म्हणून नाल्याचा गाळ वाळवून, हातात घेतल्यावर पाणी न सुटणारा झाला तरच मी घेतो. मैल्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया केंद्रच हवे. लँडफिल हा त्यावरचा उपाय नाही.

मेलेल्या जनावरांसाठी त्याच आवारात पण स्वतंत्र, चुना घालून भरायचा खोल खड्डा किंवा दाहिनी असणे योग्य. भरावाच्या थरात जनावर गाडणे चुकीचे आहे, कारण ते कुजल्यावर पोकळी पडते, वरचे आच्छादन खचते आणि पावसाचे पाणी थेट आत शिरते.

घरगुती घातक कचरा म्हणजे ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, कीटकनाशकांचे डबे. प्रमाण थोडे, पण लीचेटमध्ये पारा आणि शिसे येते ते यांच्यातूनच. २०१६ च्या नियमांनुसार त्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र शहरातच असायला हवे. ते नसेल, तर हा माल घंटागाडीतून आपल्याकडे येणारच. आमच्या फाटकावर गाडीतून एकेक सेल वेचणे शक्य नसते. सॅनिटरी पॅड आणि डायपर यांचेही असेच आहे. दाहिनीची सोय असेल तेथे ते तिकडे जातात. नसेल तेथे ते आजही भरावात जातात, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता ‘प्रादेशिक’ या शब्दाकडे वळतो, कारण आपल्या गावाच्या दृष्टीने खरा धोका आणि खरी संधी दोन्ही त्यातच आहेत. एकाच शहराचे लँडफिल असेल, तर कचरा बिघडवणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा बहुधा एकच असतो. चार शहरांचे असेल, तर तीन शहरे चोख वर्गीकरण करून पाठवतात, चौथे सगळे एकत्र आणून ओतते, आणि खड्ड्यात गेल्यावर कोणाचे काय होते ते कोणालाही सांगता येत नाही. दुसरीकडे, लहान नगरपंचायतीला एकटीने परवडणार नाही असे अस्तर, लीचेट प्रक्रिया आणि प्रशिक्षित माणसे चौघींना मिळून परवडतात. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने स्रोतावरच काटेकोर वर्गीकरण करून आपल्या डेपोचे रूप पालटले, त्यामुळे लहान शहरांना हे जमत नाही, असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नका. फरक पडतो तो परत पाठवण्याच्या कलमाने. माझ्या अनुभवात ज्या करारांत ‘वर्गीकरण न केलेली खेप संबंधित शहराच्या खर्चाने परत पाठवली जाईल’ असे लिहिले होते आणि पहिल्या महिन्यात खरोखरच पाच-सहा गाड्या परत गेल्या, तेथे तिसऱ्या महिन्यापर्यंत कचरा सुधारला. जेथे वजनावर पैसे मिळतात आणि परतीचे कलम नाही, तेथे ठेकेदाराला गाडी नाकारण्यात नुकसानच असते, मग तो कशासाठी नाकारील?

आपल्या हातात काय आहे, ते शेवटी सांगतो. सामायिक घनकचरा प्रकल्पाला २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत जनसुनावणी होते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. त्या ३० दिवसांत पर्यावरण अहवालाची प्रत मिळवा आणि त्यात चार गोष्टी शोधा: खड्ड्यात जाणाऱ्या कचऱ्याची यादी आणि नाकारायच्या कचऱ्याची यादी वेगवेगळी दिली आहे का, वजनकाट्यापाशी तपासणीची फरशी नकाशात दाखवली आहे का, गाडी परत पाठवण्याचा अधिकार कोणत्या पदाकडे आहे, आणि रोजची नोंदवही ग्रामपंचायतीला पाहायला मिळणार का. अंतरेही मोजून घ्या. २०१६ च्या नियमांनुसार वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर, तर नदीपासून १०० मीटर अंतर राखावे लागते.

आणि काम सुरू होण्याच्या आधी, शक्यतो मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर पुन्हा एकदा, गावातील सर्व विहिरींच्या आणि बोअरवेलच्या पाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्लोराइड, नायट्रेट, अमोनिया, विद्राव्य क्षार आणि जड धातू एवढे तरी तपासाच. लीचेट झिरपू लागले तर बहुधा आधी क्लोराइड वाढते, कारण ते मातीत न अडकता पाण्याबरोबर पुढे सरकते. प्रकल्पधारकालाही भूजलाची आधीची नोंद ठेवणे आणि हद्दीपासून ५० मीटरच्या आत ऋतूनुसार तपासणी करणे बंधनकारक आहे, पण ती नोंद त्यांच्या कपाटात असते. आपली स्वतःची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सह्या, नमुना घेतल्याची तारीख आणि विहिरीच्या गट क्रमांकासह ठेवा. दहा वर्षांनी एखाद्या विहिरीचे पाणी खारट झाले, तर ते आधीपासूनच तसे होते असे कोणी म्हणू लागल्यास त्या वेळी आपल्याजवळ दाखवायला तो कागद असेल.